विश्लेषण : सॉफ्टवेअर निर्दोष, तरी चाचणी नापास का?

सॉफ्टवेअरमध्ये एक दुरुस्ती केली, की आधी नीट चालणारे दुसरेच काही बिघडू शकते. हे वेळीच पकडण्यासाठी प्रत्येक बदलानंतर आधीच्या चाचण्या पुन्हा घेतात. त्या रिग्रेशन चाचण्या.

अडचण कोठे?
युनिक्स, लिनक्सवर अशा चाचण्या अनेकदा शेल स्क्रिप्टमध्ये असतात. आज लिनक्सवर सहज चालणारी स्क्रिप्ट २००५ सालच्या सोलारिस १० वर अडखळते. एका आदेशाचे उत्तर दुसऱ्यात वापरण्यासाठी हल्ली डॉलरचे चिन्ह व कंस लिहितात. तेथील नेहमीच्या जुन्या शेलला ते समजत नाही. ‘एको’ला ‘-एन’ जोडल्यास काही प्रणाली नवी ओळ टाळतात, तर काही ‘-एन’ हीच अक्षरे छापतात.

धोका कोणता?
खोटे इशारे वारंवार आले, की खऱ्या बिघाडाच्या इशाऱ्याकडेही दुर्लक्ष होते.

उपाय काय?
‘एको -एन’ऐवजी ‘प्रिंटएफ’ वापरावे. सोलारिसवर पॉझिक्स मानकाचा शेल वेगळ्या ठिकाणी असतो. चाचणीसाठी तो निवडावा. मुख्य म्हणजे, ज्या जुन्या प्रणालीवर सॉफ्टवेअर चालते, तिच्यावरच चाचणी प्रत्यक्ष चालवून पाहावी.