फ्राय पॅनमधली चरबी, भोकाचा पैसा आणि पेप्सीच्या पाणबुड्या

मिनी माऊस बेकन तळतेय. पॅनमध्ये उरलेली गरम चरबी ती प्लुटोच्या ताटलीत ओतणार, तोच रेडिओवरचा निवेदक तिला थांबवतो. चरबी टाकू नका, देशाला हवी आहे! प्लुटोचं तोंड एवढंसं होतं. पण कारण कळल्यावर तोच गडी चरबीचा डबा तोंडात धरून खाटकाच्या दुकानाकडे धूम ठोकतो. डिस्नेनं १९४२ मध्ये काढलेला हा प्रचारपट जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचा आहे.

कारण साधं होतं. चरबीपासून ग्लिसरीन निघतं, ग्लिसरीनपासून नायट्रोग्लिसरीन आणि त्यापासून स्फोटकं. जपाननं आग्नेय आशिया घेतल्यावर तिकडून येणारी तेलं बंद झाली होती. म्हणून अमेरिकेतल्या घराघरांत शेगडीशेजारी एक रिकामा टिनचा डबा आला. तळण झालं की चरबी गाळून त्यात ओतायची आणि डबा भरला की खाटकाकडे न्यायचा. तो वजन करून पैसे देई. पुढे पैशांबरोबर रेशनचे जादा पॉइंटही मिळू लागले.

दुसऱ्या महायुद्धाच्या इतिहासात सेनापती आणि रणगाडे पानंच्या पानं अडवून बसतात. मला त्या युद्धाचा सगळ्यात जिवंत पुरावा स्वयंपाकघरात सापडतो. कोट्यवधी माणसांनी युद्ध पाहिलं ते तिथेच. आणि पुढे अमेरिका आणि रशिया ही दोन बलाढ्य राष्ट्रं समोरासमोर भांडली, तीसुद्धा चक्क एका स्वयंपाकघरात उभी राहून.

पाव कापायला बंदी

१८ जानेवारी १९४३ रोजी अमेरिकेत कापलेला पाव विकण्यावर बंदी आली. कापलेला पाव लवकर सुकतो, म्हणून त्याला जाड मेणकागद लागतो; तो कागद वाचवायचा होता. गृहिणी खवळल्या. एकीनं न्यू यॉर्क टाइम्सला पत्र लिहून हिशेबच मांडला : नवरा आणि चार मुलं यांच्या न्याहारीसाठी आणि डब्यासाठी सकाळच्या घाईत किती स्लाइस हातानं कापायचे? सरकारनं दोन महिन्यांच्या आत, ८ मार्चला, बंदी उठवली.

त्याच वर्षी अमेरिकेचा एक सेंटचा पैसा तांब्याऐवजी जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचा निघाला, कारण तांबं काडतुसांना हवं होतं. लोहचुंबक धरलं की हा पैसा टपकन चिकटे. आपल्याकडेही १९४३ मध्येच भोकाचा पैसा आला. मधला गोल काढून टाकला की तेवढा धातू वाचतो. जुन्या घरांच्या फडताळात तो अजून सापडतो.

मुलांनाही कामं होती. लाइफ जॅकेटमध्ये पांढऱ्या सावरीचा कापूस भरत आणि तो येई जावा बेटावरून. जावा जपानच्या ताब्यात गेलं. मग अमेरिकी शाळांमधली पोरं रानात जाऊन मिल्कवीडच्या शेंगा गोळा करू लागली. ही आपल्या रुईच्या कुळातली वनस्पती. शेंग फुटली की वाऱ्यावर म्हाताऱ्या उडतात तोच हा कापूस. हलका, आणि पाण्यात तरंगणारा. दोन पोती शेंगा म्हणजे एक जीव वाचला, असं मुलांना सांगितलं होतं. पोरं हे काम किती मन लावून करत असतील!

सरकारी चांदी, पण उसनी

या सगळ्यात मला सगळ्यात आवडतो तो चांदीचा किस्सा. अणुबॉम्बसाठी टेनेसीमधल्या ओक रिज इथं युरेनियम वेगळं करायचं होतं. त्यासाठी राक्षसी विद्युतचुंबक हवे होते आणि त्यांच्या वेटोळ्यांना तांबं हवं होतं. तांब्याचा दुष्काळ. पण चांदीतून वीज तांब्याहूनही चांगली वाहते आणि सरकारी खजिन्यात चांदी पडून होती. १९४२ मध्ये लष्कराचा एक कर्नल खजिन्याच्या अधिकाऱ्याकडे गेला आणि त्यानं हजारो टन चांदी मागितली. अधिकाऱ्यानं त्याला बजावलं की इथं चांदी टनात मोजत नाहीत, ट्रॉय औंसात मोजतात.

शेवटी सुमारे १४,७०० टन चांदी उसनी मिळाली. ती परत करायची होती, म्हणून कणाकणाचा हिशेब ठेवला गेला. सराफ कट्ट्यावरची धूळ झारेकरी चाळतो ना, तसंच इथं झालं. युद्धानंतर यंत्रं सुटी करून घासली, फरशीखालच्या लाकडी फळ्या उखडून जाळल्या आणि राखेतूनही चांदी काढली. घट नगण्य भरली. शेवटचा हप्ता खजिन्यात जमा झाला तो १९७० मध्ये!

ती यंत्रं चालवत होत्या बहुतेक शाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुली. काटा या खुणेपुढे गेला तर ही खुंटी फिरवायची, एवढंच त्यांना शिकवलं होतं. आपण काय बनवतोय ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांची आणि पीएचडीवाल्या शास्त्रज्ञांची एकदा उत्पादनाची चुरस लागली आणि मुली जिंकल्या. शास्त्रज्ञ काटा जरा हलला की कारण शोधत बसत.

राजकन्येलाही कूपन

ब्रिटनमध्ये रेशनिंग सुरू झालं ८ जानेवारी १९४० रोजी आणि संपलं ४ जुलै १९५४ रोजी. युद्ध १९४५ मध्ये संपलं, म्हणजे शांततेचीही नऊ वर्षं रांगेत गेली. गंमत अशी की युद्ध चालू असताना पावावर रेशन कधीच नव्हतं. ते लागलं युद्ध जिंकल्यावर, १९४६ मध्ये, आणि दोन वर्षं टिकलं. चहा आठवड्याला माणशी दोन औंस, म्हणजे साधारण ५७ ग्रॅम. रोज दोनदा आधणात चहापत्ती टाकणाऱ्या घरानं हा हिशेब करून पाहावा.

साखर वाचवण्यासाठी केकवर आयसिंग करायला १९४० मध्येच मनाई झाली. लग्नात मग पुठ्ठ्याचा तीनमजली सुबक केक ठेवायचा आणि त्याच्या पोटात एक छोटासा खरा केक. राजकन्या एलिझाबेथचं लग्न १९४७ चं, म्हणजे कापडाच्या रेशनच्या काळातलं. तिलाही पोशाखासाठी कूपनं लागली. सरकारनं काही जादा दिली, पण देशभरातल्या बायकांनी आपापली कूपनं तिला पाठवून दिली. दुसऱ्याची कूपनं वापरणं हा गुन्हा होता, म्हणून ती सगळी परत करावी लागली.

आणि गाजर! गाजर खाल्ल्यानं अंधारात दिसतं, हे आपल्या आयाही सांगत आल्या. रात्री जर्मन विमानं पाडणारा वैमानिक जॉन कनिंगहॅम भरपूर गाजरं खातो, असा बोभाटा ब्रिटिश सरकारनं केला. खरं कारण त्याच्या विमानात बसवलेलं गुप्त रडार. जर्मन यानं फसले असतील असं मला वाटत नाही. रडार त्यांच्याकडेही होतं. पण ब्रिटनमधली मुलं मात्र आइस्क्रीमऐवजी काडीला खोचलेलं गाजर चोखू लागली.

मुंबई, कोल्हापूर

मुंबईत धान्याचं रेशनिंग आलं १९४३ मध्ये. पुढच्याच वर्षी, १४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी चारच्या सुमाराला, व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज उडालं. पोटात दारूगोळा, वर कापसाच्या गाठी आणि सोन्याच्या विटा. शेकडो माणसं गेली. आग विझवायला धावलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. देशभरात १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यांच्या स्मरणार्थ. मुंबईकराला हे ठाऊक असायलाच हवं. सोन्याच्या विटा शहरभर उडाल्या होत्या. गोदीच्या गाळातून त्या पुढे कित्येक वर्षांनीही निघत राहिल्या.

कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात तेव्हा पोलिश भाषा ऐकू येत होती. सोव्हिएत सत्तेनं सायबेरियाकडे हाकलून दिलेली पोलिश कुटुंबं सुटका झाल्यावर इराणमार्गे भारतात आली. त्यांतली सुमारे ५,००० माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ ते १९४८ या काळात इथं राहिली. शाळा, चर्च, नाटकं, सगळं त्यांनी उभं केलं. युद्ध संपलं तेव्हा त्यांचा देश सोव्हिएत वर्चस्वाखाली गेला होता. त्यामुळे पुष्कळ जण पोलंडला परतलेच नाहीत, थेट इंग्लंड-ऑस्ट्रेलियाला गेले.

त्याच सुमाराला मुंबईत, गिरणी कामगारांत वावरणारे शाहीर अण्णा भाऊ साठे यांनी स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचला. व्होल्गाकाठचा पराक्रम डफावर आला! १९६१ मध्ये ते स्वतः रशियाला जाऊन आले.

अध्यक्षांना आलेलं पत्र

वेस्टा स्टाउट ही इलिनॉयमधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात काडतुसं भरणारी बाई. दोन मुलगे नौदलात. काडतुसांच्या खोक्याचं तोंड कागदी पट्टीनं बंद करत आणि वरून मेण ओतत. पट्टीचं टोक ओढलं की खोकं उघडायला हवं. पण कागद फाटून यायचा. समोर शत्रू आणि सैनिक नखांनी खोकं उचकटतोय, हे तिच्या डोळ्यांपुढून हलेना. चिकट कापडी पट्टी वापरा, असं तिनं साहेबांना सांगून पाहिलं. काही हललं नाही. मग १० फेब्रुवारी १९४३ रोजी तिनं थेट अध्यक्ष रूझवेल्टना पत्र लिहिलं, सोबत आकृती काढून. पत्र योग्य टेबलावर पोचलं, सूचना मंजूर झाली आणि जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीनं ती पट्टी बनवली. आज हार्डवेअरच्या दुकानात डक्ट टेप म्हणून मिळते ती हीच.

युद्धाकडून स्वयंपाकघराकडे असा उलट प्रवासही झाला. रडारच्या पोटातल्या मॅग्नेट्रॉनजवळ उभं असताना पर्सी स्पेन्सर या अभियंत्याच्या खिशातलं चॉकलेट विरघळलं. त्यानं मग मक्याचे दाणे आणून पाहिले, ते फुटले. त्यातून जन्मलेला पहिला मायक्रोवेव्ह माणसाएवढा उंच आणि सुमारे ३४० किलोचा होता.

च्युइंगमचा वास

युद्ध संपलं आणि दोस्तांत बेबनाव झाला. १९४५ मध्येच सोव्हिएत शाळकरी मुलांनी मॉस्कोतल्या अमेरिकी राजदूताला लाकडात कोरलेली अमेरिकेची राजमुद्रा भेट दिली. ती १९५२ पर्यंत राजदूताच्या निवासस्थानी भिंतीवर होती आणि आत बिनबॅटरीचा, बाहेरून रेडिओलहरी सोडल्या की जागा होणारा मायक्रोफोन. तो बनवला होता लिऑन थेरेमिननं, हात न लावता वाजणारं वाद्य शोधणाऱ्या त्याच संशोधकानं.

१९४८ मध्ये सोव्हिएत सैन्यानं पश्चिम बर्लिनचे रस्ते आणि रेल्वे तोडली. शहराला पीठ आणि कोळसा विमानानं पोचवावा लागला. त्यांतल्या एका विमानाचा वैमानिक गेल हॅल्व्हर्सन टेम्पलहॉफ विमानतळाच्या कुंपणाशी जमलेल्या तीसएक मुलांशी बोलला. मुलांनी काहीच मागितलं नाही. त्याच्या खिशात च्युइंगमच्या दोनच कांड्या होत्या. त्यानं चार तुकडे करून दिले. बाकीच्यांनी वेष्टनाच्या चिंध्या वाटून घेतल्या आणि नुसता वास घेतला. उद्या वरून टाकीन, पंख हलवले की समजा मी आलो, असं सांगून तो गेला. दुसऱ्या दिवशी हातरुमालाच्या पॅराशूटला बांधलेली चॉकलेटं उतरली. मुलं पत्रं पाठवू लागली, ‘पंख हलवणाऱ्या काकां’ना. मोहीम संपेपर्यंत सुमारे २३ टन खाऊ असा उतरला. कालपर्यंत याच शहरावर बॉम्ब पडत होते!

पिवळ्या स्वयंपाकघरातलं भांडण

२४ जुलै १९५९. मॉस्कोच्या सोकोलनिकी पार्कात अमेरिकेचं प्रदर्शन. त्यात एक नमुन्याचं घर, घरात लिंबासारखं पिवळं स्वयंपाकघर. उपाध्यक्ष निक्सन वॉशिंग मशीन दाखवून सांगतायत की यानं बायकांचे कष्ट वाचतात. ख्रुश्चेव्ह उसळले : घास तोंडात घालून खाली ढकलणारं यंत्रही आहे का तुमच्याकडे? अण्वस्त्रं बाळगणारे दोन देश कपडे धुण्यावरून बोटं रोखून वाद घालत होते, आणि मला तरी त्या वादात अर्थ दिसतो. साध्या घराला काय मिळतं, हाच तर दोन्ही पद्धतींचा दावा होता.

त्याच प्रदर्शनात निक्सननी ख्रुश्चेव्हना पेप्सी पाजली. पेप्सीच्या डोनाल्ड केंडॉलनं आदल्या रात्रीच तशी विनंती केली होती. फोटो जगभर छापून आला. १९७२ मध्ये करार झाला. पण रुबल देशाबाहेर चालत नसे, मग पैसे कसे चुकते करणार? व्होडकानं! पेप्सीचा अर्क तिकडे, स्टॉलिचनाया व्होडका इकडे.

मधल्या काळात क्यूबाच्या पेचप्रसंगानं जग काठावर आलं होतं. एकमेकांचे निरोप पोचायला आणि उलगडायला तासन् तास लागत होते. म्हणून १९६३ मध्ये वॉशिंग्टन आणि मॉस्को यांच्यात हॉटलाइन बसली. सिनेमात दिसतो तो लाल फोन तिथं कधीच नव्हता, होता टेलिप्रिंटर. वॉशिंग्टनहून गेलेला पहिला चाचणी संदेश होता टायपिंगच्या क्लासमधलं ते कोल्ह्याचं आणि आळशी कुत्र्याचं वाक्य.

१९८९ मध्ये व्होडका पुरेनाशी झाली. तेव्हा सोव्हिएत सरकारनं पेप्सीच्या व्यवहारात १७ जुन्या पाणबुड्या, एक क्रूझर, एक फ्रिगेट आणि एक विनाशिका दिली. पेप्सी जगातली मोठी नौदल शक्ती झाली, असं आजही सर्रास फॉरवर्ड होतं. ते सोडून द्या. जहाजं भंगाराच्या भावाची होती आणि भंगारातच गेली. पुढच्या वर्षी तीन अब्ज डॉलरहून मोठा नवा करार झाला, त्यात नवीकोरी व्यापारी जहाजं ठरली होती. १९९१ च्या डिसेंबरात सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि पेप्सीला एका सरकारऐवजी वेगवेगळ्या नव्या देशांशी पुन्हा पहिल्यापासून बोलणी करत बसावं लागलं.