मनाची पैसेवारी

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

पाडव्याच्या दिवशी आपल्याकडे अजूनही कित्येक गावांत मारुतीच्या पारावर पंचांग वाचलं जातं. संवत्सराचं नाव काय, पाऊस किती आढक, धान्य महाग होणार की स्वस्त, असं सगळं सांगून होतं. मंडळी शांतपणे ऐकून घेतात. आणि मग मागे बसलेला एखादा म्हातारा हळूच म्हणतो, "ते समदं खरं काका, पण पुढलं साल कसं जाईल तेवढं सांगा."

हाच प्रश्न आज जगातल्या अनेक देशांत रीतसर विचारला जातो. घरोघरी जाऊन किंवा फोन करून, ठरावीक शब्दांत आणि ठरावीक मुदतीनं. त्याच्या उत्तरांचा आकडा जाहीर झाला की सरकार, बँका, शेअर बाजार सगळे कान टवकारतात. लोकांच्या मनातली आशा मोजण्याचा हा खटाटोप कशासाठी आणि आपल्या धाराशिवसारख्या जिल्ह्याला त्याचं काय, ते आज पाहू.

आपल्याला पैसेवारी ठाऊक आहे. प्रत्येक गावच्या पिकाचा अंदाज काढून तो पैशांत मांडतात. सप्टेंबरअखेर नजरअंदाज, मग सुधारित आणि डिसेंबरअखेर अंतिम. ५० पैशांच्या आत आकडा आला की वर्ष टंचाईचं, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही माहीत असतं. २०१६ च्या दुष्काळ संहितेनंतर पाऊस, पिकांची स्थिती, जमिनीतला ओलावा असे इतर निकष पुढे आले, पण पैसेवारीकडे डोळे लावून बसायची आपली सवय काही गेलेली नाही. मात्र ही पैसेवारी पिकाची झाली. माणसाच्या मनाची पैसेवारी कशी काढायची?

ती काढण्याचा पहिला मोठा प्रयत्न अमेरिकेत झाला. जॉर्ज कटोना नावाचे हंगेरीत जन्मलेले मानसशास्त्रज्ञ मिशिगन विद्यापीठात होते. १९४६ साली त्यांनी कुटुंबांना साधे प्रश्न विचारायला सुरुवात केली. गेल्या वर्षापेक्षा तुमचं बरं चाललंय का? पुढच्या वर्षी बरं चालेल असं वाटतं का? मोठी वस्तू घ्यायला हे दिवस चांगले आहेत का? कटोनांचं म्हणणं सरळ होतं. माणूस खर्च करतो तो नुसता खिशात पैसे आहेत म्हणून नाही. उद्याही ते येतील असं वाटलं, तरच त्याचा हात सैल सुटतो.

आपल्याकडे रिझर्व्ह बँक २०१० पासून असं सर्वेक्षण करते. प्रश्न पाच गोष्टींचे असतात: एकंदर अर्थस्थिती, रोजगार, भाव, उत्पन्न आणि खर्च. हिशेबही सोपा आहे. समजा शंभर घरं विचारली. पन्नास म्हणाली "सुधारेल", तीस म्हणाली "बिघडेल", वीस म्हणाली "आहे तसंच राहील". पन्नासातून तीस वजा केले की राहिले वीस. ते शंभरात मिळवायचे. निर्देशांक झाला १२०. शंभराच्या वर आशा, शंभराच्या खाली निराशा.

यातले दोन आकडे मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे आहेत. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, मे २०२१ मध्ये, "आज कसं चाललंय" याचा निर्देशांक ४८.५ पर्यंत घसरला होता. तेव्हाही "पुढच्या वर्षी कसं असेल" याचा आकडा ९६.४ होता. मार्च २०२४ मध्ये पहिला ९८.५ आणि दुसरा १२५.२ होता. म्हणजे आज बेताचा आणि उद्या मात्र बरा! वर्तमानापेक्षा भविष्य उजळ दिसणं ही आपली जुनी खोड आहे. तीन वर्षं पाऊस पाठ फिरवतो आणि चौथ्या वर्षी मृग लागला की शेतकरी पुन्हा तिफण बाहेर काढतो. त्यातलाच हा प्रकार.

सगळ्या जगाचं असं नाही. अमेरिकेच्या प्यू संशोधन केंद्रानं ३६ देशांत विचारलं होतं, "आजची मुलं मोठी झाल्यावर आईबापांपेक्षा पैशानं बरी असतील का?" २०२५ च्या सुरुवातीला निष्कर्ष आले. या देशांचं मधलं प्रमाण काढलं तर ५७ टक्के लोक "मुलांचं आमच्यापेक्षा वाईट होईल" असं म्हणाले. त्यात फ्रान्स, इटली, जपान असे सधन देश पुढे होते. उलट भारतातले बहुसंख्य लोक मुलांचं बरं होईल असंच म्हणाले. ज्याच्या घरी सगळं आहे तो धास्तावलेला आणि ज्याला अजून मिळवायचं आहे तो आशेवर.

यात आश्चर्य वाटायला नको. आशा ही आपण कुठे आहोत यापेक्षा कुठून आलो यावर जास्त ठरते. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेल्या बाईची नात आज नर्सिंगचा कोर्स करत असेल, तर त्या घराला पुढची पायरी दिसते. पॅरिसमधल्या ज्या घरात आजोबांनाच घर, मोटार, पेन्शन सगळं मिळालं होतं, तिथल्या नातवाला आहे ते टिकेल का याचीच चिंता.

आशेचा आणखी एक स्वभाव आहे. अल्बर्ट हर्षमन या अर्थतज्ज्ञांनी १९७३ मध्ये तो बोगद्याच्या उदाहरणानं सांगितला. पुण्या-मुंबईच्या वाटेवर बोगद्यात वाहनं अडकली आहेत अशी कल्पना करा. दोन रांगा आहेत, दोन्ही ठप्प. थोड्या वेळानं शेजारची रांग हलते. आपली गाडी जागची हललेली नसते, तरी आपल्याला बरं वाटतं. रस्ता मोकळा झालेला दिसतो, आता आपलीही पाळी येईल. पण शेजारची रांग पुढे जातच राहिली आणि आपली तिथेच राहिली, तर त्याच आशेचा संताप होतो.

धाराशिव जिल्हा हा बोगदा चांगला ओळखतो. शेजारच्याचा मुलगा पुण्यात कंपनीत लागला, त्यानं गावात स्लॅबचं घर बांधलं, की आपल्या मुलाबद्दलही आशा वाटू लागते. २०१८ मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आपलं नाव आलं. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेमार्गाचा पायाभरणी सोहळा २०१९ मध्ये झाला. या गोष्टींनी आशा वाढते, आणि वाढलेली आशा वेळेत पुरी करण्याची जबाबदारीही त्यांच्यासोबत येते.

मोजणीतली एक उणीवही सांगायला हवी. रिझर्व्ह बँकेचं हे सर्वेक्षण शहरांतलं. १९ शहरांच्या यादीत महाराष्ट्रातली मुंबई आणि नागपूर. २०११ च्या जनगणनेनुसार आपल्या जिल्ह्यात शंभरातले सुमारे ८३ लोक खेड्यात राहतात. त्यांच्या मनाचा आकडा त्यात येत नव्हता. २०२५ पासून ग्रामीण भागाच्या सर्वेक्षणाचे निष्कर्षही प्रसिद्ध होऊ लागले, हे बरं झालं. जपाननं २००० सालापासून वेगळीच युक्ती केली आहे. तिथे टॅक्सीवाले, दुकानदार अशा रोज गिऱ्हाइकाचं तोंड बघणाऱ्यांना विचारतात, "धंदा कसा आहे, पुढे कसा वाटतो?" आपल्याकडे तुळजापूरचा नवरात्रातला प्रसादवाला, कळंबचा आडत्या, उमरग्याचा कापड दुकानदार आणि परंड्याचा ट्रॅक्टरवाला यांना दर महिन्याला असं विचारलं, तर जिल्ह्याची नाडी कळायला वेळ लागणार नाही.

आता मुख्य मुद्दा. आशा चांगलीच, पण ती कशावर उभी आहे? सोयाबीनचं घ्या. २०२१ च्या ऑगस्टच्या सुमारास सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या आसपास गेलं. तेव्हा बहुतेक शेतकऱ्यांचा माल केव्हाच विकून झाला होता. पण तो आकडा मनात घर करून बसला. पुढे नवा माल आला, भाव उतरले आणि दहा हजार पुन्हा येतील म्हणून कितीतरी घरांत पोती थप्पीला लागून राहिली. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजार त्याच्याही खाली होता. सोयाबीनचा भाव ब्राझील-अर्जेंटिनाच्या पिकावर, पेंडीच्या मागणीवर आणि खाद्यतेलाच्या आयात धोरणावर ठरतो. आपल्या मनात मात्र तो गेल्या खेपेच्या चढ्या आकड्यावर ठरलेला असतो.

अशा आशेवर माणूस कर्ज काढतो. बोअर घेतो, ट्रॅक्टर घेतो, मुलीचं लग्न ठरवतो. कर्जाचा हप्ता ठरल्या तारखेला येतो, भावाची मात्र तारीख नसते. आणि सप्टेंबर २०२५ सारखा पाऊस आला, परंडा-भूमकडची उभी पिकं, काही ठिकाणी मातीसुद्धा वाहून गेली, की आशेचं ओझं एकदम अंगावर येतं. शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठी २०१५ मध्ये राज्य सरकारनं बळीराजा चेतना अभियान सुरू केलं, त्यासाठी निवडलेल्या दोन जिल्ह्यांत यवतमाळबरोबर आपलाच जिल्हा होता. मनाची पैसेवारी वेळेत कळणं का गरजेचं आहे, हे यापेक्षा वेगळं सांगायला नको.

म्हणून घरातली मोठी रक्कम गुंतवण्यापूर्वी तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. माझी आशा गेल्या वर्षीच्या भावावर आहे का? शेजाऱ्याची गाडी पुढे गेली म्हणून आहे का? की माझ्या वहीतल्या जमाखर्चावर आहे? पहिल्या दोन उत्तरांवर कर्ज काढू नये. तिसऱ्यावर काढलं तरी एक हंगाम बुडाला तर हप्ता कुठून जाईल, ते आधी लिहून ठेवावं.

आणि एखाद्या घरी याच्या उलट दिसलं, नेहमी बोलणारा माणूस पारावर यायचा बंद झाला, पेरणीचं नाव काढेना, तर त्याला पैसेवारी विचारू नका. जवळ जाऊन बसा. १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक आहे, तिथे कुठल्याही वेळी फोन करता येतो आणि मराठीतही बोलता येतं.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपानं उमरगा-लोहाऱ्याकडची गावं मातीत गेली. सास्तूरसारख्या गावांनी पुन्हा घरं उभी केली, पुन्हा पेरण्या केल्या. तेव्हा त्यांच्या मनाचा निर्देशांक कुणी काढला नव्हता. पण शेजारपाजारची आणि लांबलांबची माणसं मदतीला धावून आली होती. पाडव्याला त्या म्हाताऱ्यानं पुन्हा विचारलं, "पुढलं साल कसं जाईल?" तर पंचांग मिटून एवढं सांगता येईल, "ते बघू, पण तुमचं यंदाचं कसं चाललंय, ते आधी सांगा."