पडद्यावरील अक्षरांचे सौम्य रंग

कामगार चळवळीतल्या माणसाने रंगांच्या गोष्टी कशाला सांगाव्यात, असे काहींना वाटेल. परंतु ज्या पडद्याकडे माणूस दिवसाचे आठ-दहा तास पाहतो, त्यावरचा रंग शोभेपुरता राहत नाही. कारखान्यात उजेड किती आणि हवा किती, हे आम्ही विचारीत आलो. त्याच रांगेतला हा प्रश्न आहे.

प्रथम दोन शब्द. संगणकाचे प्रोग्राम ज्यात लिहितात त्या साधनाला टेक्स्ट एडिटर म्हणतात. आणि अक्षरे टाइप करून संगणकाला थेट हुकूम देण्याची जी खिडकी, ती टर्मिनल. दोहोंत सारा कारभार अक्षरांचा. एडिटर या अक्षरांना रंग देतो : भाषेचे ठरीव शब्द एका रंगात, आकडे दुसऱ्या, आणि मागून येणाऱ्यासाठी लिहून ठेवलेल्या टिपा तिसऱ्याच. या रंगसंचाला थीम असे नाव आहे.

पूर्वी निवडीचा प्रश्नच नव्हता. काचेला आतून लावलेला फॉस्फर ज्या रंगाने चमके, तोच अक्षरांचा रंग. आयबीएमचा १९८१ चा एकरंगी पडदा असा हिरवा होता. मग टर्मिनलात आठ रंग आले, उजळ धरून सोळा. ते डोळ्याला विचारून ठरलेले नव्हते. लाल, हिरवा आणि निळा हे तीन दिवे लावायचे किंवा विझवायचे, एवढ्याच हिशेबाने ते निघाले. आता पाहा, पडद्यावरच्या पांढऱ्याच्या उजळपणात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालाचा २१ आणि निळ्याचा अवघा ७. म्हणजे काळ्यावर गडद निळे अक्षर लिहिले की ते बुडालेच! मायक्रोसॉफ्टने आपल्या विंडोजच्या टर्मिनलातला हा निळा २०१७ साली बदलून उजळ केला. तोवर लोक डोळे बारीक करून वाचीत होते.

या भडकपणाला कंटाळून प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी स्वतःच सौम्य रंगसंच तयार केले. जानी नुर्मिनेन यांचा झेनबर्न हा त्यांतला एक जुना. ईथन शूनओव्हर यांचा सोलराइज्ड २०११ चा; त्याची बांधणी समजून घेण्याजोगी आहे. त्यात सोळा रंग : आठ पार्श्वभूमीचे व साध्या मजकुराचे, आठ ठळक. उजळपणाच्या ० ते १०० या मोजपट्टीवर त्याची काळसर पार्श्वभूमी १५ वर आहे आणि अक्षर ६० वर. पिवळसर पार्श्वभूमी ९७ वर, अक्षर ५० वर. काळोखी रूप घ्या की उजळ, अंतर जवळजवळ तेच. हे काम मन लावून केलेले आहे, यात शंका नाही.

पण सौम्य म्हणजे किती सौम्य? याचे माप आहे. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर काढतात. शुद्ध काळ्यावर पांढरे म्हणजे २१. वेबवरील मजकुरासाठी २००८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक नियमांनी साध्या अक्षराला किमान ४.५ मागितले. एडिटरला तो नियम लागू नसला तरी डोळा तोच आहे. सोलराइज्डच्या काळोखी रूपात मुख्य मजकूर सुमारे ४.७ भरतो, उजळ रूपात ४.१, आणि काळोखी रूपातल्या टिपा अवघ्या २.८. ‘ही ओळ बदलू नका, हिशेब बिघडेल’ असा इशारा याच टिपांत लिहिलेला असतो. धोक्याची पाटी करड्या रंगात रंगवण्याचा हा प्रकार आम्हाला तरी पटत नाही.

पंचविशीतल्या डोळ्याला हे खुपत नाही. चाळिशीनंतर मात्र जवळचे नीट दिसेनासे होते. वय वाढते तसे डोळ्यातले भिंग पिवळे पडते, बाहुली लहान होते, आत उजेड कमी शिरतो. आम्ही पन्नाशी ओलांडलेले. तरुण मुले ज्याला शांत म्हणतात ते आम्हाला पुसट दिसते. उलट काळोखात काम करणाऱ्याला पांढराशुभ्र पडदा टोचतो, हेही खरेच. तेव्हा भांडण सौम्य विरुद्ध भडक असे नाही. डोळा ज्याचा, रंग त्याने ठरवावा, आणि साहेबाने किंवा वरिष्ठ सहकाऱ्याने एकच संच साऱ्या खोलीवर लादू नये.

ही मागणी नवी नाही. युरोपीय समुदायाने १९९० साली पडद्यावरील कामाविषयी जो निर्देश काढला, त्यात अक्षर व पार्श्वभूमी यांतला फरक किंवा उजळपणा काम करणाऱ्याला सहज बदलता यावा, असे लिहिले आहे. स्वीडनमध्ये तर कारकुनी कामगारांच्या टीसीओ या मध्यवर्ती संघटनेने १९९२ पासून पडद्यांना स्वतःचे प्रमाणचिन्ह देण्यास सुरुवात केली. पडदा कसा असावा हे कामगार संघटनेने सांगावे आणि जगभरच्या कंपन्यांनी तो छाप मिळवण्यासाठी धडपडावे, हे आमच्या डोळ्यांदेखत घडले.

आपल्यापैकी जे या कामात आहेत त्यांनी दुपारी, खिडकीचा उजेड पडद्यावर असताना, नेहमीच्या अंतरावर बसून फक्त टिपांच्या ओळी वाचून पाहाव्यात. मान पुढे गेली, तर सेटिंगमध्ये टिपांचा रंग दोन पायऱ्या उजळ करावा; उजळ पार्श्वभूमी असेल तर दोन पायऱ्या गडद. बाकीचा संच आहे तसा राहू द्यावा.