ढोलीतली बाळंतीण

बाळंतिणीची काळजी कशी घ्यावी, हे सह्याद्रीतल्या धनेश पक्ष्याकडून शिकावं! उन्हाळ्याच्या तोंडावर मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि विष्ठा, फळांचा चोथा यांनी दार लिंपून घेते. उरते फक्त चोचीपुरती फट. पुढचे ३-४ महिने नर तिला उंबर, वडाची फळं आणून भरवतो. त्याचं काही बरंवाईट झालं, तर आत मायलेकरं उपाशी. शिवाय खाल्लेल्या फळांच्या बिया तो रानभर पेरतो, ते वेगळंच.

पण अशी ढोली कोवळ्या झाडात होत नाही. त्यासाठी आजोबा-पणजोबांच्या वेळचं झाड लागतं. आणि लाकडाच्या ठेकेदाराचा डोळाही नेमका त्यावरच! २०१२ साली पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना युनेस्कोचा जागतिक वारशाचा मान मिळाला. पण कोकणातलं बरंचसं रान खासगी मालकीचं. म्हणजे झाडांचा सौदा ठरतो तो आपल्याच ओटीवर. त्या वेळी चहा ठेवून आत वळू नका. "ढोलीचं झाड सोडून बोला," एवढं ठामपणे सांगा. नवी रोपं जरूर लावा. पण त्यांना तशी ढोली व्हायला आपली नातवंडं म्हातारी व्हावी लागतील!