उद्याच्या डब्याची पोळी

संपादकांनी विषय दिला होता तो उपनगरातल्या हॉटेलांचा आणि बदलत्या बाजारपेठेचा. डोंबिवलीला उतरायचं, फडके रोडनं गणेश मंदिरापर्यंत जायचं, तिथून मानपाडा रोड धरायचा, नवे कॅफे, मिसळीची दुकानं, चायनीजच्या गाड्या बघायच्या आणि लिहायचं. दोन संध्याकाळी मी तेच केलं, वहीत बरंच काही जमलंही. पण दोन्ही दिवस घरी परतताना एकच दृश्य डोळ्यांसमोर राहिलं. पावणेआठच्या सुमाराला जलद लोकल लागते, जिना माणसांनी भरून वाहू लागतो, आणि त्या लोंढ्यातून बायका एकेक करून बाजूला होतात. गल्लीत वळतात, जेमतेम एक माणूस उभा राहील एवढ्या खिडकीसमोर रांग लावतात, ‘आठ पोळ्या, एक मटकी’ एवढंच बोलतात आणि ऊबदार पुडी पिशवीत ठेवून निघून जातात. तिसऱ्या दिवशी मी त्या रांगेत उभी राहिले. चौथ्या दिवशी दुपारी तीन वाजता खिडकीच्या आत होते.

पोळीभाजी केंद्र म्हणजे काय हे डोंबिवलीकराला समजावून सांगावं लागत नाही. बसायला बाकडं नाही, मेनूकार्ड नाही. फळ्यावर खडूनं आजच्या दोन सुक्या, एक रसभाजी, आमटी-भात, आणि वाराप्रमाणे एखादा गोडाचा पदार्थ. दुकान बहुतेक वेळा जुन्या तीनमजली इमारतीच्या तळमजल्यावर, एखाद्या बिऱ्हाडाचीच पुढची खोली. सकाळी डबे भरून देतात, पण खरा धंदा संध्याकाळचा, गाडीच्या वेळापत्रकावर बांधलेला.

या शहराचा कागदावरचा इतिहास थोडक्यात असा. गिरगाव-दादर-परळच्या खोल्या अपुऱ्या पडू लागल्या तसा पगारदार मराठी माणूस रेल्वेच्या कडेकडेनं इकडे सरकत आला. कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १ ऑक्टोबर १९८३ ला झाली आणि २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास गेली. घर आलं, नोकरी मात्र पन्नासेक किलोमीटरवर राहिली. मग घरातली बाईही नोकरीला लागली आणि तीही तीच गाडी पकडू लागली. गाडीत मटार सोलणाऱ्या, मेथी निवडणाऱ्या बायका ज्यांनी पाहिल्यात त्यांना पुढचं सांगायला नको. भाजी गाडीत निवडता येते. पोळी गाडीत लाटता येत नाही.

मुंबईला विकतच्या जेवणाची सवय त्याआधीपासून होतीच. गिरणगावात खाणावळी होत्या. त्या चालवणाऱ्या बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. ती खाणावळ बायकामुलं गावी ठेवून आलेल्या पुरुषासाठी होती. पोळीभाजी केंद्र घर असलेल्या, घर चालवणाऱ्या बाईसाठी आहे. तिला जेवण विकत नको असतं, जेवणातला सगळ्यात वेळखाऊ भाग विकत हवा असतो. वरणभाताचा कुकर ती घरी जाऊन लावणार असते. म्हणून इथे पोळी सुटी मिळते, मोजून.

ती पोळी लाटणाऱ्या मावशींपाशी मी तीन दुपारी आणि तीन संध्याकाळी बसले. वय पन्नाशीच्या पुढे, माहेर जालन्याकडचं, राहायला दिव्याला. केंद्राच्या मालकीणबाईंना सगळे काकू म्हणतात आणि काकूंसकट सगळे यांना मावशी. भाजणाऱ्या दोघी वेगळ्या. मावशी फक्त लाटतात. त्यांना पैसे शेकड्यावर मिळतात.

कणीक यंत्रावर तिंबली जाते. स्टीलचं फिरतं भांडं, त्यात पीठ, पाणी, मीठ, तेल. त्याबद्दल इथे कुणाची तक्रार नाही. उलट खांदे वाचले, असंच सगळ्या म्हणतात. मग कणीक ओल्या फडक्याखाली अर्धा तास झाकून ठेवायची. तिंबताना ताठरलेला चिकटपणा तेवढ्या वेळात सैलावतो, नाहीतर लाटलेली पोळी रबरासारखी मागे येते. मावशी एक बोट खुपसून बघतात. खळगा हळूहळू भरून आला की म्हणतात, “झाली.” उंडे त्या तराजूविना तोडतात. मी पाच उंडे भाजीच्या काट्यावर ठेवून पाहिले. त्यांत चार ग्रॅमांचाही फरक नव्हता.

पुढचं सगळं इतक्या झटक्यात होतं की पहिल्या दुपारी मला नीट दिसलंच नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना सावकाश करायला सांगितलं तर त्यांचा हात अडखळला. “सावकाश येत नाही, ताई,” त्या म्हणाल्या. मग मीच एकेक पोळी निवडून एकेक गोष्ट बघत गेले. उंडा पिठीत बुडवून पुरीएवढा लाटायचा. दोन बोटांनी तेल, त्यावर चिमूटभर पिठी. अर्धा मुडपायचा, पुन्हा तेल, पुन्हा पिठी, पुन्हा मुडपायचा. हाती येतो तो त्रिकोण, आणि आता त्याच त्रिकोणातून गोल काढायचा असतो. आधी कोपरे, मग कडा, मधला भाग अगदी शेवटी. लाटणं मागेपुढे जातं आणि त्याच्याखाली पोळी आपली आपण गरगर फिरत राहते, तिला बोट लावावं लागत नाही. एका तळव्याचा दाब दुसऱ्यापेक्षा कणभर जास्त असतो, त्यानं ती फिरते. हे मावशींना मी सांगितल्यावर कळलं. त्यांनी स्वतःचे हात पुन्हा पोळपाटावर ठेवून पाहिले आणि हसल्या.

तव्यावर पहिली बाजू जेमतेम शेकायची, दुसरी पूर्ण, मग उलटून फडक्यानं कडा दाबायच्या. आतल्या पाण्याची वाफ होते, घड्यांमधलं तेल आणि पिठी थरांना चिकटू देत नाही, आणि पोळी टम्म फुगते. उतरवल्यावर भाजणारी बाई ती दोन्ही तळव्यांत धरून हलकेच दाबते, की पदर सुटतात. मग सुती कापडात चळत. झाकण लावायचं नाही. वाफ कोंडली तर खालच्या पोळ्या ओल्या होतात. उघडं ठेवायचं नाही, वाळतात. कापड मधला मार्ग काढतं.

एवढा आटापिटा कशासाठी, असं मी काकूंना विचारलं. रात्री आठला घेतलेली पोळी नऊला खाल्ली जाते, तेवढा वेळ कुठलीही पोळी टिकते. काकूंनी हिशेबाची वही मिटली. “नऊचं कोण बघतंय? आठ पोळ्या नेते ती, चार रात्री खातात. उरलेल्या चार उद्याच्या डब्यात. दुपारी एक वाजता फोर्टात डबा उघडला आणि तुकडा तुटला नाही, तर ती परत येणार नाही.”

मला त्या दिवशी या धंद्याची किल्ली मिळाली असं वाटलं. गिऱ्हाईक संध्याकाळचं आहे, परीक्षा दुसऱ्या दिवशी दुपारी आहे, तीही काकूंच्या डोळ्यांआड. सतरा तास मऊ राहील अशी पोळी इथे करायची असते. शिजलेल्या पिठातलं पिष्ट थंड होताना पुन्हा घट्ट बांधलं जातं, त्यालाच आपण पोळी शिळी झाली म्हणतो. सैल कणकेतलं पाणी आणि घड्यांमधलं तेल ते बांधलं जाणं लांबवतं. तवा मंद असेल तर पोळी जास्त वेळ तव्यावर राहते, पाणी उडून जातं आणि सकाळपर्यंत तिचा पापड होतो. तवा कडक, हात चपळ, कणीक सैल. सैल कणीक लाटायला अवघड, चिकटते. म्हणून लाटणारीचा हात लागतो, साधा हात चालत नाही.

पोळ्यांचं यंत्र काकूंनी आणून पाहिलं होतं. दोन तापलेल्या पाट्यांमध्ये गोळा दाबायचा की झाला गोल. वेग चांगला होता, गोल तर मावशींपेक्षाही नेटका. पण दाबात घडीचे पदर राहिले नाहीत, आणि सैल कणीक पाटीला चिकटते म्हणून ती घट्ट भिजवावी लागली. आठवडाभरात रांगेतून तक्रारी आल्या, सगळ्या एकाच शब्दात: वातड. यंत्र परत गेलं.

रांगेत एक भाषिक गंमतही ऐकू येते आणि ती मला फार जवळची वाटते. कुणी ‘पोळी’ मागतं, कुणी ‘चपाती’. माणूस कुठल्या घरातून, कुठल्या गावाकडून आला हे त्या एका शब्दातून कळतं. अशा काही केंद्रांच्या पाटीवर जातीच्या पद्धतीचं जेवण म्हणून लिहिलेलं असतं. आतमध्ये हात जालन्याचे, खानदेशातले, कोकणातल्या वाडीवरचे असतात. मावशी स्वतःच्या घरी भाकरी करतात. पोळी त्या मुंबईला आल्यावर शिकल्या, पहिल्या मालकिणीच्या ओट्याशी उभं राहून. आज त्यांच्या हातची पोळी ‘अगदी आईसारखी’ म्हणून नेली जाते. हे श्रेय त्यांच्या नावावर कुठेतरी लिहिलं जावं, असं मला मनापासून वाटतं.

संकटांबद्दल मी विचारलं नव्हतं. ती आपोआप निघत गेली. काकूंची सगळ्यात मोठी आठवण मार्च २०२० ची. कोविडच्या टाळेबंदीत लोकल थांबली आणि रांगच संपली. जिना ओस, खिडकी बंद. २१ ऑक्टोबर २०२० पासून सगळ्या महिलांना लोकलची मुभा मिळाली, ती सकाळी अकरा ते तीन आणि संध्याकाळी सातनंतर. काकूंनी दुसऱ्याच दिवशी कणीक भिजवली. पाच-सात बायका आल्या. दोन डोस घेतलेल्यांना १५ ऑगस्ट २०२१ पासून गाडी खुली झाली तेव्हा कुठे रांग रांगेसारखी दिसू लागली. पण ती आधीएवढी कधीच झाली नाही. घरून काम करणाऱ्यांना सोमवारी आणि शुक्रवारी डबा लागत नाही. त्या दोन दिवशी किती कणीक भिजवायची याचा अंदाज काकूंना अजून बसलेला नाही.

गॅसचं वेगळंच. घरचा लाल सिलिंडर १४.२ किलोचा, धंद्याचा निळा १९ किलोचा, आणि निळ्याचा भाव बहुधा एक तारखेला बदलतो. काकू महिनाअखेरीला मोबाईलवर बातमी शोधत बसतात. पोळीचा भाव रुपयानं वाढवायचा तर रांगेतल्या प्रत्येकीला कारण सांगावं लागतं. हॉटेलात कुणी विचारत नाही, इथे विचारतात, कारण प्रत्येकीला गव्हाचा भाव पाठ असतो.

इमारत पाडून नवी बांधायची बोलणी सुरू आहेत. सभासदांना मोठं घर मिळेल, काकूंनाही मिळेल. पण नव्या आराखड्यात तळमजल्यावर पार्किंग आहे आणि खिडकी कुठे ते दाखवलेलं नाही. मधली तीन-चार वर्षं भाड्याची जागा बघायची तर ती स्टेशनपासून लांब. घराच्या वाटेवरची पाच मिनिटं एवढाच या धंद्याचा पाया आहे. वाट वाकडी करून पोळ्या घ्यायला कुणी येत नाही. ॲपवरून घरपोच द्यायचं काकूंनी करून पाहिलं, पण आठ पोळ्यांमागे कमिशन जाऊन जे उरतं ते त्यांनी मला बोटांवर मोजून दाखवलं. बोटं फार लागली नाहीत.

आणि मावशींचं मनगट. उजव्या हाताला पट्टा आहे, तो त्या लाटताना काढून ठेवतात कारण पिठीनं खराब होतो. अंगठ्याच्या मुळापासून कोपरापर्यंत कळ जाते, रात्री तांब्या उचलवत नाही. डॉक्टरांनी हात पूर्ण बंद ठेवायला सांगितलाय, निदान तीन आठवडे. शेकड्यावर पैसे घेणाऱ्या बाईला हे कसं सांगतात, मला कळत नाही. काकू म्हणाल्या की त्या पगार देतील, पण लाटायला कोण येणार? तरुण मुली मॉलमध्ये जातात, तिथे बसायला स्टूल नसलं तरी गारवा असतो. मावशींची मुलगी एका दुकानात बिलिंगला आहे. “तिला येतं लाटायला,” मावशी म्हणाल्या, “पण मी नाही आणणार तिला.”

मी गेले तेव्हा श्रावण सरत आला होता. फळ्यावर कांदा-लसणाविना भाज्या होत्या आणि कोपऱ्यात गणपतीसाठी उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरींची वेगळी वही उघडलेली होती. रात्री साडेनऊला शेवटची चळत संपली. मावशींनी पोळपाट पुसून भिंतीला टेकवला, पट्टा पुन्हा बांधला, आणि आम्ही स्टेशनकडे चालत निघालो. त्यांची गाडी उलट दिशेची, कोपर आणि मग दिवा. मी विचारलं, हात कधी बंद ठेवणार?

“गणपती होऊ द्या,” त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, “पितरांचा पंधरवडा झाला की बघते. तेव्हा घारगे, वडे, खिरीच्या ऑर्डरी असतात ना.”

त्याच्या दुसऱ्या दिवशी नवरात्र बसतं. काकूंच्या वहीत त्यापुढचं पान दिवाळीच्या फराळाचं होतं, आणि त्यावर सहा नावं आधीच लिहिलेली होती.