परदेशांतील कामगिरीचा भत्ता आणि प्राप्तिकर

मुंबई-पुण्याकडील सुशिक्षित घरांत परदेशचा प्रवास ही आतां नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. पूर्वीं कोणी गृहस्थ विलायतेस निघाला कीं आप्तमंडळी त्यास पोंचवावयास बंदरावर जात. आज घरांतील मुलगा किंवा सून सोमवारीं फ्रँकफुर्टला अगर सिंगापूरला जाते आणि तीन आठवड्यांनीं आपल्या कचेरींत पूर्ववत् हजर होते. प्रवास असा सोपा झाला, तरी त्याचा हिशेब मात्र सोपा झालेला नाहीं. कंपनीनें दिलेल्या रोजच्या भत्त्यांतून कांहीं शिल्लक उरली तर ती कोणाची? तिच्यावर कर बसतो कीं नाहीं? या साध्या प्रश्नांचीं उत्तरें पुष्कळांस ठाऊक नसतात; आणि ठाऊक होतात तीं बहुधा प्राप्तिकर खात्याची नोटीस हातीं पडल्यावरच.

या विषयाचें सारें मर्म वेतन आणि भत्ता यांच्यांतील भेदांत आहे. वेतन हा श्रमाचा मोबदला होय. प्रवासभत्ता हा मोबदला नव्हे. मालकाचें काम करतांना नोकराच्या खिशास झळ लागूं नये म्हणून केलेली ती खर्चाची सोय होय. १९२२ च्या प्राप्तिकर कायद्यांतहि हा भेद मान्य केलेला होता. पुढें १९६१ च्या कायद्यांत कलम १० (१४) मध्यें तोच आला, आणि त्यास एक मर्यादा स्पष्ट शब्दांत घातली गेली. ती अशी कीं, सूट मिळावयाची ती प्रत्यक्ष खर्च झालेल्या रकमेपुरतीच. दौऱ्याचा प्रवासखर्च आणि नेहमींच्या कामाच्या ठिकाणापासून दूर राहिल्यामुळें होणारा रोजचा साधारण खर्च, हे दोन्ही या सुटींत येतात. १९६१ च्या कायद्याऐवजीं २०२५ सालीं नवा कायदा संमत झाला व १ एप्रिल २०२६ हा त्याच्या अंमलाचा दिवस ठरला. कलमांचे आंकडे बदलले, परंतु तत्त्व बदललें नाहीं. कमी दराच्या नव्या करपद्धतींत घरभाडेभत्त्यासारख्या कित्येक सवलती मिळत नाहींत. दौऱ्याच्या भत्त्याची ही सूट मात्र तींतहि राखलेली आहे.

एका उदाहरणानें ही गोष्ट अधिक स्पष्ट होईल. समजा, पुण्याच्या एका कारखान्यानें आपल्या इंजिनियरास तीस दिवसांकरितां जर्मनीस पाठविलें. हॉटेलचें बिल कारखान्यानें परस्पर भागविलें आणि जेवणखाण व स्थानिक प्रवास यांसाठीं रोजीं ८० युरो दिले. एकूण २,४०० युरो झाले. इंजिनियर काटकसरी, बरोबर नेलेल्या पिठामसाल्यावर त्यानें स्वयंपाक केला आणि १,७०० युरोंत महिना काढला. उरले ७००. हिशेबाच्या सोयीसाठीं एका युरोचे १०० रुपये धरले, तर ही शिल्लक ७०,००० रुपये होते. घरचीं माणसें म्हणतात, "पोटाला चिमटा घेऊन वांचविलेले पैसे, त्यांवर कर कसला?" कायदा मात्र निराळ्या दृष्टीनें पाहतो. जी रक्कम खर्चासाठीं दिली पण खर्च झाली नाहीं व परतहि केली नाहीं, ती त्याच्या मतें वेतनाचाच भाग. तीस टक्क्यांच्या पायरीवरील नोकरास तिच्यावर २१,००० रुपये कर आणि त्यावर चार टक्के उपकर ८४०, असे २१,८४० रुपये भरावे लागतील.

येथेंच मोहाचा क्षण येतो. शिल्लक दिसूं नये म्हणून न जेवलेल्या जेवणाचीं बिलें गोळा करणारे लोक असतात. परंतु उत्पन्न दडविण्यासाठीं खोटी माहिती दिली असें ठरलें, तर त्या कराच्या दुप्पट दंडाची तरतूद कायद्यांत आहे. म्हणजे वरील उदाहरणांत कर भरावयाचा तो भरावयाचाच, आणि शिवाय ४३,६८० रुपयांचा दंड! नोकरीवर व नांवावर येणारा डाग तो निराळाच.

कांहीं कंपन्या ठराविक रोजभत्ता देतात व बिलें मागत नाहींत. कांहीं कंपन्या बिलाबरहुकूम खर्च भरून देतात. दुसऱ्या रीतींत शिल्लक उरतच नाहीं, म्हणून प्रश्नहि उरत नाहीं. पहिल्या रीतींत भत्ता माफक असला तर अधिकारी प्रत्येक चहाचा कागद मागतोच असें नाहीं. तथापि यावर न्यायाधिकरणांपुढें वाद गेलेले आहेत, आणि वादाचे वेळीं ज्याच्याजवळ कागद असतो त्याचीच बाजू सबळ ठरते.

आणखी एक गैरसमज पुष्कळांत आढळतो. परदेशांत हातीं पडलेला पैसा भारतांतील करास पात्र नाहीं, असें सरसकट समजलें जातें. भारत सरकार आपल्या परदेशस्थ भारतीय सेवकांस तेथील सेवेबद्दल जे भत्ते देतें त्यांस कायद्यानें पूर्ण सूट आहे, हें खरें. पण ती सूट खासगी कंपनीच्या नोकरास लागू नाहीं. थोड्या दिवसांच्या दौऱ्यानें मनुष्य भारताचा रहिवासीच राहतो, आणि रहिवाशाचें जगांतील सर्व उत्पन्न येथील कराच्या कक्षेंत येतें.

कामाबरोबर सहल जोडण्याची चालहि आतां रूढ होत आहे. काम शुक्रवारीं संपलें आणि पुढील पांच दिवस स्वित्झर्लंड पाहण्यांत घालविले, तर त्या वाढीव दिवसांचा जो खर्च कंपनी सोसते, तो नोकराचा करपात्र लाभ समजला जातो. पत्नी अगर मुलें बरोबर असलीं व त्यांचा खर्च कंपनीनें केला, तर त्यासहि हाच न्याय लागतो. कामाचे दिवस कोणते आणि सहलीचे कोणते, हें तिकिटावरून व पत्रव्यवहारावरून दाखवितां आलें पाहिजे.

आतां ज्या देशांत काम केलें त्या देशाच्या कराविषयीं. दोन देशांनीं एकाच उत्पन्नावर कर घेऊं नये यासाठीं भारतानें अनेक देशांशीं करार केले आहेत. त्यांतील सर्वसाधारण नियम असा, कीं त्या देशांतील मुक्काम १८३ दिवसांहून अधिक नसावा, पगार देणारा मालक तेथील रहिवासी नसावा आणि पगाराचा बोजा मालकाच्या तेथील शाखेवर पडूं नये. या तीनहि अटी पाळल्या गेल्या तरच तेथील कर टळतो. लोक फक्त १८३ हा आंकडा लक्षांत ठेवतात व उरलेल्या दोन अटी विसरतात. हे दिवस कांहीं करारांत तेथील करवर्षावरून, तर कांहींत कोणत्याहि लागोपाठच्या बारा महिन्यांवरून मोजतात. म्हणून लहान लहान फेऱ्यांची बेरीजहि अंगाशीं येऊं शकते. यासाठीं ज्या त्या देशाचा करार निघण्यापूर्वींच पाहून घ्यावा. तेथें कर भरावाच लागला, तर त्याचा पुरावा जपावा. त्याची वजावट भारतांतील करांत मागतां येते.

परकी चलनाचे नियमहि ध्यानीं असावेत. व्यक्तीस स्वतःसाठीं एका आर्थिक वर्षांत २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवितां येते. परंतु मालकानें सोसलेला कामाच्या दौऱ्याचा खर्च या मर्यादेंत धरला जात नाहीं. बहुतेक देशांच्या प्रवासास नोटांच्या रूपानें ३,००० डॉलरपर्यंतच नेतां येतात. बाकीची रक्कम कार्डावर न्यावी. परत आल्यावर न वापरलेलें चलन १८० दिवसांच्या आंत बँकेस द्यावें. २,००० डॉलरपर्यंत पुढील प्रवासासाठीं जवळ ठेवण्याची मुभा आहे.

या सर्वांवर उपाय एकच, आणि तो फार जुना आहे. तो म्हणजे रोजचा रोजखर्च लिहिणें. एक लहानशी वही बरोबर असावी. तींत तारीख, गांव, काम, खर्च आणि चलन एवढींच पांच सदरें पुरेत. हॉटेलची पावती कंपनीच्या नांवें घ्यावी. युरोपांतील कांहीं देश परदेशी व्यापारी संस्थेस मूल्यवर्धित कर परत देतात, तो मागण्यास अशी पावती लागते. विमानाचे तिकीट-अर्धुक, पारपत्रावरील शिक्के आणि कार्डाचा मासिक उतारा एका पाकिटांत ठेवावा. परत आल्यावर आठवड्याभरांत हिशेब कचेरींत द्यावा आणि उरलेल्या रकमेचें काय करावयाचें तें लेखी विचारून घ्यावें. ती रक्कम परत केली तर प्रश्न मिटला. ठेवली तर ती वेतनांत दाखवून कर भरावा. भरल्यानंतर जें उरेल तें निर्विवाद आपलें. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यास पाणी वेळेवर मिळत नाहीं, आणि नोटीस आल्यावर कागद शोधणाऱ्यास तेहि मिळत नाहींत. काटकसर हा सद्गुणच होय. परंतु त्या काटकसरीचें फळ घरांत निर्धास्तपणें भोगावयाचें असेल, तर त्याच्या जोडीस चोख हिशेब पाहिजे.