रवी कोणती घ्यावी?

गंगापूर धरणाच्या बाजूला वाइनचे कारखाने पाहायला नेले की पाहुणे मला हमखास विचारतात, ‘एवढ्या टाक्यांत रस ढवळतात कसा?’ किण्वन जोरात असताना ढवळणीची फारशी गरजच नसते. यीस्ट साखरेचे मद्य करताना कार्बन डायऑक्साइड सोडते आणि त्याचे बुडबुडे रस हलता ठेवतात. मद्य करायला यीस्टला हवाही लागत नाही. लाल वाइनमध्ये वर आलेला सालींचा थर तेवढा अधूनमधून भिजवावा लागतो.

पेनिसिलिनचे तसे नाही. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, तिथे हेच औषध बनू लागले. ते देणाऱ्या बुरशीला अखंड प्राणवायू हवा. लिटरभर पाण्यात साखर शेकडो ग्रॅम विरघळते. हवेतला प्राणवायू मात्र सुमारे ८ मिलिग्रॅमच. बुरशी दाट वाढली की तो मिनिटभरही पुरत नाही. म्हणून खालून हवा सोडायची आणि तिचे बुडबुडे रवीने बारीक फोडायचे.

या कामाची जुनी रवी म्हणजे रश्टन टर्बाइन: आडव्या चकतीच्या कडेला सहा उभी, सपाट पाती. बुडबुडे ती उत्तम फोडते. पण बुरशीच्या धाग्यांनी द्रव पिठल्यासारखा घट्ट झाला की पात्यांजवळ घुसळण होते आणि भिंतीलगतचा द्रव जागचा हलत नाही.

मी नोकरीला होतो त्या कारखान्यात अशा वेळी आम्ही फेरे पाव पटीने वाढवले. वीज जवळजवळ दुप्पट लागली, कारण ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वर धागे तुटले आणि उत्पादन घटले. शेवटी उपाय निघाला तो रवी बदलण्याचा. हवा शिरते तिथे, तळाशी, रश्टन ठेवली. वर रुंद, तिरप्या पात्यांची रवी बसवली. ती द्रव वरून खाली ढकलते आणि सगळे भांडे फिरते ठेवते.

माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान विभागातील जे. बी. जोशी, ए. बी. पंडित आणि एम. एम. शर्मा यांनी १९८२ मध्ये अशा ढवळत्या वायू-द्रव पात्रांचा सविस्तर आढावा प्रसिद्ध केला होता. आम्ही मात्र तो वाचला नुकसान झाल्यावर. आता कोणी सल्ला विचारला, तर मोटरच्या ताकदीआधी मी तीन गोष्टी विचारतो: जीव कोणता, त्याला हवा किती आणि वाढल्यावर द्रव किती घट्ट होतो?